आडात नव्हतं ते

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! दादानेच गाडीने आणून सोडलं. वाटभर त्याची टकळी चालू होती. ज्यांच्या कॅसेटी झिजवत आपण लहानाचे मोठे झालो, त्यांच्या नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग आपली धाकटी करणार, म्हणजे घराण्याचं सोनंच झालं म्हणे. सामान उतरवायच्या निमित्ताने आत घुसला, चौघांशी हात मिळवले, आणि जाताना माझ्या कानात सांगून गेला, की नीट काम कर, नाहीतर घरी येऊ नकोस.

जागा म्हणजे एक बंद पडलेलं शीतगृह. गावाबाहेर, कारखान्यांच्या रस्त्याच्या अगदी टोकाला. पूर्वी इथे फळं साठवायचे. भिंती हातभर जाड, खिडक्या नावापुरत्या. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. रेकॉर्डिंगला आणखी काय हवं? वर राहायच्या खोल्या, मध्ये वाजवायचा हॉल, त्याला लागून काचेपलीकडे माझी कंट्रोल रूम, आणि खाली तळघर. माझ्या खोलीला अजून सफरचंदांचा वास येतो.

माणसं चार, चौघंही साठी कधीच ओलांडलेली. गाणारे ते काका, साऱ्या जगाचे काका. उंच, थोडे वाकलेले, आणि आवाज असा की खडीवरून लोखंडी पिंप लोळत जावं. त्यांची धाकटी बहीण बेस गिटार वाजवते. काकांची बहीण म्हणजे माझी आत्या झाली, असं मी म्हटलं, तर म्हणाली, बरं झालं, आता नात्याखातर तरी माझा बेस जरा मोठा ठेवशील. लीड गिटारवाला डावखुरा, म्हणून त्याला सगळे डावरा म्हणतात. ड्रमवाला ठोक्या. टेबल, गुडघा, दुसऱ्याची पाठ, जे हाताखाली येईल ते ठोकत असतो. तुम्ही वाजवता ते ब्लूज म्हणजे नेमकं काय, असं त्याला कुणीतरी मुलाखतीत विचारलं होतं. तो म्हणाला, रडगाणंच, फक्त ठेक्यात.

काम दिवसाउजेडीच चालणार. डावरा म्हणाला, रात्रभर जागणारा बँड आम्हीच होतो, आता आठ वाजले की आमच्यातले निम्मे खुर्चीत घोरतात.

फार फार आनंदात आहे आज.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवस नुसते माईक लावण्यात गेले. सगळ्यांना एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी वाजवायचंय. तुकडे जोडून केलेलं गाणं म्हणजे ठिगळांची गोधडी, असं काकांचं मत. मलाही हेच आवडतं. मात्र ठोक्याचा ड्रम आत्याच्या माईकमध्ये घुसतो, आत्याचा बेस काकांच्या माईकमध्ये. सतरंज्या, गाद्या, जुनी कपाटं, जे मिळेल ते उभं करून भिंती केल्यात.

तळघराची गंमत लिहायलाच हवी, कारण डावऱ्याने ही जागा तिच्यासाठीच पसंत केली. खाली लोखंडी दाराची एक रिकामी खोली आहे. भिंती चुन्याने गुळगुळीत केलेल्या. आत टाळी वाजवली की बराच वेळ घुमत राहते. तिच्या एका कोपऱ्यात आम्ही स्पीकर ठेवला, दुसऱ्या कोपऱ्यात माईक. वरून गाणं त्या स्पीकरमधून सोडायचं. ते खोलीत घुमतं, आणि तो घुमलेला आवाज माईक वर पाठवतो. मूळ गाण्यात तो चवीपुरता मिसळला की गाण्याला खोली येते. हल्ली हे सगळं कॉम्प्युटर करतो, पण या मंडळींना खरंखुरं हवं. त्या खोलीला ते विहीर म्हणतात. माझ्या मिक्सरवर तिचे दोन फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या कळा आहेत, एक आवाज खाली सोडायचा आणि एक वर ओढायचा. ठोक्याने त्यांच्यावर चिकटपट्ट्या लावून एकीवर ‘आड’ लिहिलंय आणि दुसरीवर ‘पोहरा’.

संध्याकाळी पहिल्यांदा चालवून बघितलं. काकांचा आवाज खाली जाऊन वर आला तेव्हा अंगावर शहारा आला. सुंदर. थंड आणि सुंदर.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस पाण्यात. यांच्याकडे गाणीच नाहीत! अर्धवट राहिलेली तीन जुनी आहेत, तीच दळत बसलेत. डावरा म्हणतो वेग जास्त होतोय, ठोक्या म्हणतो तुला कमी ऐकू येतंय. आत्या मध्येच उठून तारा पुसत बसते. कुणालाही एका जागी बसवत नाही, आणि ती चुळबुळ काचेतून माझ्यापर्यंत येते. मीसुद्धा आज उगीचच सारख्या वायरी गुंडाळत होते.

दुपारी काका माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, कित्येक वर्षांत एक ओळ सुचली नाही, पोरी. पूर्वी गाणी माझं दार ठोठावायची. आता मी त्यांच्या दारात उभा आहे आणि त्यांनी आतून कडी घातलीय. त्यांच्याकडे बघवेना. ठोक्याने वातावरण हलकं करायला माझ्या फेडरकडे बोट दाखवलं. म्हणाला, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! काका हसले, पण उठून गेले.

आवराआवर करताना पाहिलं तर पोहऱ्याचा दिवा लुकलुकत होता. आड पूर्ण बंद, म्हणजे खाली काहीच जात नव्हतं. तरी वर काहीतरी येत होतं. हेडफोन लावले. गिटार होती. लांबून आल्यासारखी, मागे ड्रमचा ठेका. वाटलं, डावरा खाली जाऊन वाजवतोय. पण डावरा काचेपलीकडे माझ्यासमोर बसून बुटाची नाडी बांधत होता. हाताला सवय म्हणून रेकॉर्डचं बटण दाबलं.

एखादं रेडिओ स्टेशन वायरीत शिरलं असणार. होतं असं. उद्या वायर बदलते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी चहाबरोबर गंमत म्हणून कालचं सगळ्यांना थोडंसं ऐकवलं. डावऱ्याने कान टवकारले. चाल झकास आहे, कुणाची का असेना, म्हणाला, आणि जागच्या जागी गिटारवर शोधायला लागला. थोड्याच वेळात चौघंही तिच्यात शिरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे लोक म्हातारे दिसेनासे झाले. मी श्वास रोखून रेकॉर्ड केलं. ऐन रंगात ठोक्याच्या हातून काठी निसटली, फरशीवर खणखणली. त्याने एक सणसणीत शिवी हासडली, आत्या खळखळून हसली, आणि तरी गाणं थांबलं नाही. ते रेकॉर्डिंग तसंच ठेवायचं ठरलं.

जेवणं झाल्यावर दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून ऐकली. चालीचा उगम कळावा, एवढाच हेतू.

कालच्या रेकॉर्डिंगमध्ये, शेवटाकडे, सकाळी ऐकवताना आम्ही पोचलोच नव्हतो त्या भागात, काठी पडते. ठोक्या शिवी देतो. आत्या हसते.

शुक्रवारच्या आवाजात शनिवारची काठी.

कितीदा ऐकलं, मोजलं नाही. दादाला फोन लावला, पण यातलं काहीच सांगितलं नाही. तो विचारत होता, काकांनी माझं नाव लक्षात ठेवलंय का.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सांगितलं आज सगळ्यांना. ऐकवलंही. डावरा म्हणाला, मशीनच्या घड्याळात घोळ आहे. मी घड्याळ दाखवलं. त्याने ते मनगटावरच्या घड्याळाशी दोनदा ताडून पाहिलं. ठोक्या म्हणाला, मेल्याने शिवी तरी चांगली दिलीय, पण त्याचा गुडघा ठोकणारा हात थांबला होता. आत्याने फक्त एक विचारलं, की हे बंद करता येतं का. येतं, मी म्हटलं, वायर काढली की झालं.

काकांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, वायर काढू नकोस.

पोहरा उघडा ठेवला. दुपारपर्यंत दुसरं गाणं आलं. शब्दांसकट.

बुधवार, १३ नोव्हेंबर

खोटं कशाला लिहू, एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. आदल्या दिवशी विहीर गाणं देते, दुसऱ्या दिवशी हे वाजवतात. आम्ही ते ऐकून बसवतो म्हणून तसं होतं, की तसं होणारच आहे म्हणून ऐकू येतं, यावर डावरा आणि ठोक्या जेवताना भांडतात. मी त्या वादात पडत नाही. मी फेडर वर करते.

दुसरं गाणं किल्लीचं होतं. माझंच घर, माझंच दार, किल्ली आत नि मी बाहेर, असं काहीसं. काल ते रेकॉर्ड केलं, आणि आज सकाळी चौघं फिरायला म्हणून बाहेर पडले तर मागे दार लागलं आणि किल्ल्या आत. मी आंघोळीला गेले होते, त्यामुळे बराच वेळ थंडीत कुडकुडत उभे होते बिचारे. दार उघडलं तेव्हा ठोक्या दात वाजवत तेच गाणं म्हणत होता. हसून हसून पुरेवाट झाली.

आत्या हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, की आजच्या गाण्याचे शब्द आधी मला वाचून दाखव.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मी वाचून दाखवले नाहीत. काल गाणं आलं तेव्हा आत्या बाजारात गेली होती, आणि गाणं इतकं छान होतं, की—

बरं, लिहिते. डावा हात झोपला माझा, उठवू नका रे त्याला, खूप राबला बिचारा. एवढंच, फिरून फिरून. संथ. डावऱ्याने त्यात जे वाजवलं ते मी जन्मात विसरणार नाही. वाजवून झाल्यावर तो स्वतःच्याच हाताकडे कौतुकाने बघत राहिला. शब्द सगळ्यांनाच ऐकू येत होते. तरी कुणी थांबलं नाही. आत्यानेही वाजवलं. संपल्यावर मात्र बेस ठेवून ती थेट वर निघून गेली.



शनिवार, १६ नोव्हेंबर

नाश्त्याच्या वेळी डावऱ्याच्या हातून कप पडला. त्याने दुसरा घेतला, तोही पडला. मग तो नुसता बघत राहिला. डावा हात खांद्यापासून लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बोलणं ठीक, चेहरा ठीक, फक्त हात नाही.

ठोक्याने व्हॅनमधून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, मेंदूतली बारीकशी नस आहे, हात परत येईल न येईल. त्याची मुलगी त्याला तिकडूनच घरी घेऊन गेली. गिटार इथेच स्टँडवर आहे.

मी शब्द वाचून दाखवायला हवे होते.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज भांडण झालं. जमेल तसं लिहून ठेवते.

कालच्या गोंधळात पोहरा उघडाच राहिला होता. सकाळी पाहिलं तर पुढचं गाणं येऊन पडलेलं. बहिणीची खुर्ची रिकामी, बहिणीचा चहा निवला, असे शब्द. आत्याने माझ्या शेजारी उभं राहून ते सगळं ऐकलं. मग हॉलमध्ये जाऊन शांतपणे बेस पेटीत ठेवला.

“दादा, बस झालं आता,” ती काकांना म्हणाली. “हे आपलं नाही.”

“अगं, ब्लूज म्हणजे तरी काय?” काका म्हणाले. “आपल्यावर जे गुदरलं त्याचं गाणं. इथे आधी गाणं येतं नि मग गुदरतं. क्रम तेवढा उलटा.”

“आणि माझी खुर्ची?”

 काकांची बोटं मांडीवर ताल धरत होती. ते आत्याने पाहिलं, मी पाहिलं.

“ठीक आहे,” आत्या म्हणाली. “खुर्ची रिकामी हवी ना त्याला? ही घे. मी माझ्या पायांनी उठले.”

भरलेला चहाचा कप टेबलावर तसाच ठेवून ती निघाली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाली, गाण्याला शब्दाशी मतलब असतो, पोरी. शब्द खरा करून द्यायचा आणि आपण जिवंत निघायचं. तू पण नीघ.

दुपारी तिचा फोन आला. सुखरूप पोचली. मला रडू फुटलं. म्हणजे जमतं! आपणच आधी, आपल्या हाताने, हलकेच खरं करून टाकलं, तर काही होत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मी आणि ठोक्याने विहिरीची वायर काढली. दोन्ही फेडर खाली. स्पीकरही उचलून हॉलमध्ये आणला.

पोहऱ्याचा दिवा लुकलुकतोय.

खाली माईकसुद्धा कशाला जोडलेला नाही. मी मिक्सर बंद केला, प्लग काढला. तरी कंट्रोल रूममधल्या माझ्या समोरच्या स्पीकरमधून बारीक घुमल्यासारखं येत राहतं, कानात पाणी गेल्यासारखं. ठोक्या म्हणाला, चला, निघूया.  काठ्या त्याने व्हॅनमध्ये टाकल्यासुद्धा.

काका यायला तयार नाहीत. लोखंडी दारासमोर खुर्ची टाकून बसलेत. एक गाणं राहिलंय म्हणतात. जेवायला बोलावलं तर म्हणाले, हळू बोल, ते घाबरेल.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज दिवसा, लख्ख उजेडात, स्पीकरमधून काकांचा आवाज आला. काका हॉलमध्ये ठोक्याशी बोलत होते, मला काचेतून दिसत होते, ओठ वेगळेच हलत होते. आणि स्पीकरमधले काका गात होते. खाली थंड आहे, जरा बसतो. खाली थंड आहे, जरा— तिथे थांबले. मग काहीच नाही.

मग बाईचा आवाज. काका, उठा.

माझा.

मी काच वाजवून ठोक्याला बोलावलं, आणि पुढचं काही ऐकू यायच्या आत बाहेर अंगणात पळाले. पुढे अजून होतं. दारातून बाहेर पडताना आवाज येतच होता. मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं का?

दादाला सांगितलं, उद्या येऊन घेऊन जा. आवाज बदलला असणार माझा, कारण त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पहाटेच निघतो म्हणाला.

बुधवार, २० नोव्हेंबर, सकाळ

काका खोलीत नव्हते. लोखंडी दार उघडं.

ठोक्या आणि मी दोघंही खाली गेलो. दारात कपाट आडवं टाकलं, लागू नये म्हणून. काका भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. ओठ निळे. गुणगुणत होते, मग तेही थांबलं.

मला आत्या आठवली. शब्द खरा करून द्यायचा. मी त्यांच्या जवळ बसले आणि मुद्दाम, स्पष्ट म्हटलं, काका, उठा.

त्यांनी डोळे उघडले. उठले! माझ्या नि ठोक्याच्या खांद्यावर हात टाकून वर आले, कोमट पाणी प्यायले, आणि म्हणाले, बहिणीकडे न्या मला. लहान मुलासारखे रडले. आम्हीही रडलो.

ठोक्या त्यांना घेऊन गेला. मलाही चल म्हणत होता, पुढच्या सीटवर तिघं मावू म्हणाला. मी म्हटलं, दादा वाटेत आहे, तुम्ही आधी डॉक्टर गाठा. ते खरंच होतं. पण हेही खरं, की रेकॉर्डिंगची हार्डडिस्क घेतल्याशिवाय मला इथून निघवत नव्हतं. त्यात काकांचं सगळं आहे. डावऱ्याचा हात आहे. माझंही.

घेतली. पिशवीत आहे. आता फक्त वाट बघायची.

बुधवार, दुपार

आवाज आला.

दादाचा. स्पीकरमधून. अगं, कुठे आहेस? आणि मागे घुमणं. ते विहिरीचं घुमणं मी झोपेतही ओळखेन.

खिडकीत गेले. अंगण रिकामं. गाडी नाही. म्हणजे हे आत्ताचं नाही, नंतरचं आहे. म्हणजे अजून वेळ आहे. फाटकाशी जाऊन उभी राहते. त्याला आत पाऊलच टाकू द्यायचं नाही. गाडीत बसायचं आणि जायचं. सोपं आहे.

त्याचा फोन लागत नाही. वाटेत असेल.

बुधवार

फाटकाशी उभी होते, सारखी रस्त्याकडे बघत. कुणी आलं नाही. थंडी फार म्हणून स्वेटर घ्यायला आत आले, एवढंच, नुसतं जिन्यापर्यंत—

अंगणात गाडी आहे.

बोनेट गरम आहे. दार उघडं. पुढच्या सीटवर त्याने आणलेली संत्री. दादा नाही.

हाक मारणार होते. तोंड उघडलं आणि थांबले. हाक मारली तर? माझी हाक विहीर घेईल. काल मी उरलेलं ऐकलं नाही. त्यात माझा आवाज होता, की—

कंट्रोल रूममध्ये आहे. इथून तळघराचा जिना दिसतो. दिवा लुकलुकतोय. स्पीकर बोलतोय. अगं, कुठे आहेस? आतापर्यंत दोनदा. खाली उतरणारे बूट वाजतात. दादाचेच, एक टाच घासतो तो. पण समोर जिन्यावर कुणी नाही. म्हणजे अजून उतरायचा आहे. की उतरून झालंय?

फोन केला. रिंग स्पीकरमधून ऐकू येते.

लिहितेय. लिहीत राहिलं की बोलणं होत नाही. ओठ दाताखाली धरलेत. काहीही झालं तरी एक शब्द बोलणार नाही. तो वर असेल तर शोधत इथे येईल, मी दिसेन. दिसेनच. तोवर गप्प.

लोखंडी दार वाजलं. स्पीकरमध्ये वाजलं. कपाट सरकवल्याचा आवाज.

आता कुणीतरी श्वास घेतंय.

मी. तो माझा श्वास आहे, पण मी इथे— माझा आवाज आहे, हसून बोलतोय. दादा, मी इथेच आहे, खाली. आत ये. मी काही बोललेले नाही, देवाशपथ मी तोंड उघडलेलं नाही, ओठातून रक्त येतंय तरी—

तो म्हणतोय, आलो आलो.

जिन्यावर सावली. खरी. काचेपलीकडे. तो हा बघ, वरच आहे अजून, पहिल्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. काच ठोकतेय, त्याला ऐकूच— या भिंती— ओरडले तरच ऐकेल, आणि ओरडले तर खालून माझाच—

खाली बघतोय तो. हसतोय. त्याला मी खाली दिस—

दादा, मागे ब